रिकामा स्लॉट : असेम्बल्ड कॉम्प्युटर आणि देवनागरी

नव्वदच्या दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस या दोन बाजारांनी एक नवा कागद रूढ केला. त्याला ‘कोटेशन’ म्हणत. दुकानाचं नाव छापलेला अर्धा ताव, नाहीतर बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर बॉलपेननं लिहिलेल्या दहा-बारा ओळी : मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, डिस्प्ले कार्ड, कॅबिनेट (एसएमपीएससह), मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. प्रत्येक ओळीसमोर किंमत, खाली बेरीज आणि बेरजेखाली ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’. गिऱ्हाईक तो कागद घेऊन शेजारच्या दुकानात जाई, तिथे हार्ड डिस्क थोडी लहान करून रॅम वाढवून घेई, आणि दुसरा कागद घेऊन पुन्हा पहिल्या दुकानाच्या पायरीवर येई. असे कागद मी गेली काही वर्षं जमवतो आहे. काही रद्दीतून मिळाले, काही मित्रांच्या जुन्या फायलींतून, काही एखाद्या मॅन्युअलमध्ये खूण म्हणून घातलेले. तसा हा क्षुल्लक कागद. पण त्यात एक कोडं आहे.

स्कूटर घेताना आपण इंजिन एका कंपनीचं, चाकं दुसऱ्या कंपनीची आणि हँडल तिसऱ्याचं असं मागत नाही. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन, कशाच्याच बाबतीत हे घडलं नाही. (रेडिओची किट आणून घरी डाग देत बसणारे हौशी लोक होते, पण ते हौशीच राहिले, बाजाराची रीत त्यांच्यामुळे बदलली नाही.) मग घरात येणाऱ्या यंत्रांपैकी सर्वांत गुंतागुंतीचं जे यंत्र, तेच नेमकं सुट्या भागांतून निवडून घेता यावं, हे कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर मला यादीतल्या ओळींत सापडलं नाही. यादीत न लिहिलेली एक गोष्ट त्या काळच्या प्रत्येक मदरबोर्डबरोबर फुकट मिळे, ती म्हणजे रिकामे स्लॉट. पुढचं विवेचन त्यांच्याभोवती आहे, आणि ते अखेरीस आपल्या लिपीपाशी येतं.

संगणकाच्या पोटात रिकाम्या खाचा ठेवायच्या, म्हणजे पुढे कुणी तरी काही तरी त्यात खोचील, ही कल्पना आयबीएमची नव्हे. १९७५च्या अल्टेअरमध्ये ती होती. १९७७च्या ‘ॲपल टू’मध्ये आठ स्लॉट होते. स्टीव्ह वॉझनियाक यांनी पुढे सांगितलं आहे की, स्टीव्ह जॉब्ज यांना दोनच पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. त्या खेपेला वॉझनियाकांचं चाललं. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये जॉब्जचं चाललं : एकही स्लॉट नाही, आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर. या दोन माणसांच्या स्वभावाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात एक साधा प्रश्न दिसतो : यंत्र विकल्यानंतर त्याचं काय करायचं, हे कुणी ठरवायचं? बनवणाऱ्यानं की घेणाऱ्यानं?

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाला. त्याचं ‘ओपन आर्किटेक्चर’ म्हणजे खुली रचना हा जणू कंपनीचा उदारपणा होता, असं अनेक पुस्तकांत सुचवलेलं असतं. ते मला पटत नाही. त्यामागे घाई होती. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या चमूला, आधी विल्यम लो आणि नंतर डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली, साधारण वर्षभरात यंत्र बाजारात आणायचं होतं. आयबीएमच्या नेहमीच्या रिवाजानुसार प्रत्येक भाग घरातच घडवायचा, तर तेवढ्यात ते अशक्य होतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, प्रिंटर एप्सनचा, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कॉर्पोरेशनचे. बोर्डावर पाच स्लॉट ठेवले. म्हणजे पहिला पीसी हा स्वतःच एका अर्थानं असेम्बल्ड होता. त्याचं ‘कोटेशन’ आयबीएमनं मागवलं होतं, एवढाच फरक.

यातलं टंडन हे नाव आपल्या ओळखीचं वाटेल. पंजाबात जन्मलेल्या जुगी टंडन यांची ही कॅलिफोर्नियातली कंपनी. या कुटुंबाच्या उद्योगानं ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठी राखलेल्या औद्योगिक क्षेत्रात, डिस्क ड्राइव्हशी संबंधित उत्पादन सुरू केलं. ग्रँट रोड स्टेशनपासून अंधेरी लोकलनं अर्ध्या-पाऊण तासावर. पण सीप्झचा माल निर्यातीचा. तो कुंपणाबाहेर सरळ मुंबईच्या बाजारात येत नसे. लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरवर ड्राइव्ह यायचा तो समुद्रापलीकडून, आयात कर भरून. किंवा न भरून.

आयबीएमनं आणखी एक गोष्ट केली. पीसीचा ‘टेक्निकल रेफरन्स’ हा ग्रंथ विकायला ठेवला. त्यात विद्युत-आकृत्या होत्या, स्लॉटच्या प्रत्येक पिनेवर काय येतं ते होतं, आणि बायोस या मूळ आज्ञावलीची छापील संहिताही होती. स्लॉटमध्ये बसणारी कार्डं बाहेरच्यांनी बनवावीत हा हेतू. संहिता छापण्यात हिशेब असा की, ती प्रताधिकारानं बांधलेली आहे, तिची नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येईल. तसं झालंही; १९८४ साली कोरोना आणि ईगल या कंपन्यांना माघार घ्यावी लागली. पण कॉम्पॅकनं १९८२ सालीच वेगळी वाट धरली होती. एका गटानं बायोस काय काय करतो ते तपासून लिहायचं; दुसऱ्या गटानं, ज्यानं मूळ संहिता कधी पाहिलेलीच नाही, त्या वर्णनावरून नवी संहिता लिहायची. काम तेच, शब्द आपले. फिनिक्स या कंपनीनं १९८४पासून असा बायोस कुणालाही विकायला सुरुवात केली आणि दरवाजा सताड उघडला. त्यानंतरची कामगिरी तैवानची. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६मध्ये, असूस १९८९मध्ये. १९८४च्या आयबीएम एटी या मॉडेलच्या बोर्डावर स्क्रूची भोकं जिथे होती, तिथेच या सगळ्यांनी ती पाडली. आपला बाजार त्या भोकांवर उभा राहिला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आयबीएमला चूक उमगली तेव्हा तिनं दार लावून पाहिलं. एप्रिल १९८७मध्ये आलेल्या पीएस/२ मालिकेत नव्या जातीचे स्लॉट होते. त्यांत बसणारं काही बनवायचं तर परवाना आणि पैसे. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८मध्ये एकत्र येऊन जुन्या स्लॉटचाच विस्तार पुढे ठेवला. आयबीएम हरली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९८१च्या पीसीच्या पडद्यावर अक्षर कसं उमटे? आयबीएमच्या एकरंगी डिस्प्ले कार्डावरच्या चिपमध्ये २५६ चिन्हांचे साचे कायमचे कोरलेले असत. ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, प्रत्येक घरात त्या २५६पैकी एक. ही रोमन लिपीची चौकट. जोडाक्षर, वरची वेलांटी, खालचा उकार, रफार यांना तिच्यात जागा नाही. आयबीएमनं ती कुणाला डावलायला केलेली नव्हती. दुसऱ्या लिपीचा माणूस या यंत्रासमोर बसेल हे तिच्या मनातही आलं नसावं.

तो माणूस आला थायलंडमधून. व्हॅन सुवन्नुकुल हा अमेरिकेत शिकणारा तरुण. आपल्या मातृभाषेत, थाई लिपीत, पीसीवर लिहिता यावं म्हणून त्यानं स्वतःच एक डिस्प्ले कार्ड तयार केलं. आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके, प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे पेटवता येणारा. त्यातून १९८२ साली हर्क्युलिस ही कंपनी निघाली. पुढे लोटस वन-टू-थ्रीसारख्या प्रोग्रॅमनी त्या कार्डाला साथ दिली आणि ते जगभर खपलं. माझ्याकडच्या कोटेशनांपैकी जुन्यांत जुन्या कागदांवर ‘मोनो/हर्क्युलिस कार्ड’ अशी ओळ आढळते. हिशेब, पगारपत्रकं आणि आलेखांसाठी ते कार्ड घेणाऱ्या दुकानदाराला किंवा गिऱ्हाइकाला त्यामागे थाई लिपीची अडचण आहे, याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

देवनागरीची गोष्ट याच वाटेनं जाते, पण सुरुवात कानपूरची आहे. तिथल्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सत्तरच्या दशकापासून चाललं होतं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरीत चालणारा संगणक मांडला गेला. ही विद्या पुढे ‘जिस्ट’ या नावानं ओळखली गेली, आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ती पुण्यात आली. सी-डॅक म्हटलं की लोकांना परम हा महासंगणक आठवतो. (तोही इंग्लंडच्या इनमॉस कंपनीच्या बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा जोडून केलेला होता, त्या अर्थी परमही असेम्बल्डच.) त्याचा गौरव योग्यच आहे. पण सरकारी कचेऱ्यांत आणि छोट्या कार्यालयांत ज्यांनी पहिल्यांदा पडद्यावर ‘क्ष’ पाहिला, त्यांच्या आयुष्यात सी-डॅक आलं ते जिस्ट कार्डाच्या रूपानं.

कार्ड पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसे. डॉसवर चालणारे, केवळ इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेले डीबेस किंवा वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत. त्यांना देवनागरी कळत नव्हती आणि कळण्याची गरजही नव्हती. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं तो फक्त अंकांची देवघेव करत असे. जुन्या १२८ अंकांत इंग्रजी, वरच्या १२८ अंकांत भारतीय लिपी. ते अंक पडद्याकडे जाताना कार्ड ते मधेच पकडे आणि मात्रा, जोडाक्षरं, रफार जुळवून अक्षर काढे. या अंकांचा तक्ता म्हणजे ‘इस्की’. भारतीय मानक ब्युरोनं तो १९९१ साली मानक म्हणून स्वीकारला. त्यात क हा देवनागरीत, गुजरातीत, कन्नडमध्ये एकाच अंकाचा. कीबोर्डसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी : साधारणपणे डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, इंग्रजी ‘के’च्या जागी क. छापखान्यात जुळारी खिळे जुळवी, तेच काम आता स्लॉटमधल्या एका पत्र्याएवढ्या पट्टीवर होत होतं. मराठीत यंत्राच्या जोडणीला आणि अक्षरांच्या जोडणीला ‘जुळणी’ हा एकच शब्द चालतो, हे मला त्या कार्डाकडे पाहताना नेहमी आठवतं.

मॅकिंटॉशसारखी बंद पेटीच जगभर रूढ झाली असती, तर हे करायला कानपूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला कॅलिफोर्नियाची परवानगी लागली असती. पीसीमध्ये ती लागली नाही. स्लॉटच्या कोणत्या पिनेवर काय येतं ते छापील होतं.

पण स्लॉट असून भागत नाही. तो स्लॉट असलेलं यंत्र परवडावं लागतं. इथे लॅमिंग्टन रोड येतो. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आज कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. एकीकडे मिनर्व्हा, अप्सरा अशी थिएटरं, नाझ बिल्डिंगमध्ये चित्रपट वितरकांची कार्यालयं, आणि बाकी रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांची दुकानं. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानं आयातीची दोरी सैल केल्यावर या दुकानांनी व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरच्या शेजारी मदरबोर्ड मांडले. त्याच काळात मोठमोठ्या जाहिराती करणाऱ्या देशी ब्रँडांचे पीसीही पुष्कळदा परदेशातून अर्धवट जोडलेल्या किटच्या रूपात येत आणि इथे कॅबिनेटवर नाव लागे. ब्रँडेड आणि असेम्बल्ड यांत फरक होता तो स्टिकरचा, वॉरंटीचा आणि पक्क्या बिलाचा. ‘बिलासकट की बिलाशिवाय?’ हा प्रश्न काउंटरवर पहिल्या दोन मिनिटांत येई. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराला सामील झाला, २००५पर्यंत बहुतेक भागांवरचा आयात कर शून्यावर आला, आणि त्या प्रश्नाची धार गेली.

निवड करायची म्हणजे नुसती किंमत पाहायची नव्हे. काय कशाशी जमतं ते ठाऊक हवं. पेंटियमच्या बोर्डावर ७२ पिनांची रॅम जोडीनंच लावावी लागे, कारण प्रोसेसर एका वेळी ६४ बिट मागे आणि एक पट्टी ३२च देई. म्हणून ‘आता एक पट्टी घेतो, दुसरी दिवाळीनंतर’ हा मध्यमवर्गीय हिशेब तिथे चालत नसे. जुन्या बायोसला ५२८ एमबीपलीकडची हार्ड डिस्क दिसत नसे. साउंड कार्ड आणि दुसरं कार्ड एकाच इंटरप्टवर बसलं की दोन्ही मुकी. मग कार्डावरचे जंपर चिमट्यानं काढून दुसऱ्या पिनांवर लावायचे. आणि सगळ्यांत जपून करायचं काम म्हणजे वीज जोडणं. एसएमपीएसमधून पी-आठ आणि पी-नऊ असे दोन कनेक्टर येत. बोर्डावर शेजारी शेजारी बसत आणि उलटेही बसू शकत. उलटे बसवले तर बोर्ड जळे. म्हणून नियम : काळ्याला काळी. दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागल्या पाहिजेत. हा नियम मला कोणत्याही मॅन्युअलमधून कळलेला नाही. दुकानातल्या पोऱ्यानं दुसऱ्या पोऱ्याला सांगताना ऐकला. १९९५मध्ये इंटेलनं एटीएक्स हा नवा आराखडा आणला, त्यात वीस पिनांचा एकच कनेक्टर आला, तो उलटा बसतच नाही. आणि काळ्याला काळीवाल्यांची विद्या एका झटक्यात निरुपयोगी झाली.

किमती मात्र कुणाच्याच हातात नव्हत्या. जुलै १९९३मध्ये जपानच्या नीहामा गावी सुमितोमोच्या कारखान्यात आग लागली. चिपा बंद करण्यासाठी लागणारं रेझिन तिथे होई, आणि जगभर रॅम भडकली. सप्टेंबर १९९९चा तैवानचा भूकंप, २०११चा थायलंडचा पूर, दर वेळी तेच. ‘रेट उद्यापर्यंतच’ असं कोटेशनखाली लिहिणारा दुकानदार खोटं बोलत नसे.

या बाजारानं मराठी साहित्याला काय दिलं? दिवाळी अंकांची जुळणी खिळ्यांवरून डीटीपीवर गेली ती याच वर्षांत, आणि गल्लीबोळांत निघालेल्या डीटीपी केंद्रांत असेम्बल्ड यंत्रं सर्रास दिसत. मात्र इथे वाट फुटली. पान लावायला विंडोज हवं होतं, आणि विंडोजवर अक्षर काढायला कार्डाची गरज नव्हती, फाँट पुरे. त्यामुळे मराठीचं काम स्लॉटमधून निघून सॉफ्टवेअरमध्ये गेलं, आणि प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डाँगलमध्ये. अक्षरं देखणी झाली, यात वाद नाही. पण प्रत्येक कंपनीनं आपला अंकांचा तक्ता आपल्यापुरता ठरवला. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिन्हांचा कचरा. कार्डानं आणलेला समाईक तक्ता डीटीपीनं सोडून दिला. आपण गरजेपोटी आणि घाईत ते केलं, त्याची किंमत आता दिसते. त्या दशकातले अंक कागदावर आहेत. त्यांच्या फायली, जिथे फ्लॉप्या वाचता येतात तिथेही, मूळ फाँट आणि डाँगल असल्याशिवाय मराठी राहिलेल्या नाहीत. जुन्या लेखकाचा संग्रह पुन्हा काढायचा तर प्रकाशक सगळा मजकूर नव्यानं टाइप करून घेतात, किंवा रूपांतर करून त्यातले तुटलेले रफार हातानं दुरुस्त करत बसतात.

इस्कीचा तक्ता मात्र वाया गेला नाही. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातला देवनागरीचा विभाग १९८८च्या इस्कीवरून घेतलेला आहे. अक्षरांचा क्रमही तोच. विंडोज २०००मध्ये मराठी आलं तेव्हा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात होता.

आणि जुना स्लॉट? १९९९च्या सुमारास इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तो मोडीत काढला. बोर्डावर ओळखायची खूण सोपी होती : जुने आयएसए स्लॉट काळे आणि लांब, नवे पीसीआय पांढरे आणि आखूड. पुढे काळे दिसेनासे झाले. पुढच्या काळात लॅपटॉपमधली रॅमही बोर्डाला डाग देऊन पक्की केली जाऊ लागली; तिथे निवड दुकानात जाण्याआधीच झालेली असते. डेस्कटॉपमध्ये स्लॉट अजून आहेत. तरुण मुलं त्यांत ग्राफिक्स कार्ड बसवतात आणि कॅबिनेटला काच लावून ते दाखवतात.

२००३-०४च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी एका छोट्या कार्यालयात मी सभासदांची जुनी यादी पाहायला गेलो होतो. कोपऱ्यात एक पिवळट पडलेलं कॅबिनेट केवळ जिस्ट कार्डासाठी जिवंत ठेवलेलं होतं, कारण शेजारच्या नव्या यंत्रात काळा स्लॉटच नव्हता. तिथल्या कारकून बाई दोन्हीवर काम करत. जुन्यावर डॉस, नव्यावर विंडोज. मी विचारलं, हात अडखळत नाही का? त्या म्हणाल्या, “नाही हो, क दोन्हीकडे तिथेच आहे.”